टायर घेण्याआधी एवढं वाच

ठाणे (पश्चिम)
मे महिन्याचा दुसरा आठवडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझा निरोप आणि स्कॉर्पिओच्या टायरचे फोटो मिळाले. मागच्या दोन्ही टायरच्या खाचांमध्ये जी बारीक आडवी रबरी पट्टी असते, ती आता वरच्या रबराच्या पातळीला येऊन टेकली आहे. ती पट्टी 1.6 मिलिमीटरची खूण आहे. तिथपर्यंत झिजलेला टायर कायद्यानेही बाद. पुढचे दोन अजून थोडे चालतील असं दिसतं, पण पाऊस तोंडावर आलाय. चारही बदल. यात विचार करण्यासारखं काही नाही.

विचार करायचा तो एटी, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे ऑल-टेरेन टायर, घ्यायचे का याचा. मी म्हणतो घे. मात्र तू ज्या दांडग्या, मोठ्या बटणांच्या टायरांचे फोटो पाठवलेस, ते नको. ते एमटीच्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरच्या, अंगाने जाणारे आहेत. खारघरहून बेलापूरला रोज ऑफिसला जायचं, महिन्या-दोन महिन्यांनी देवरुखला, आणि अधूनमधून सासुरवाडीला संभाजीनगर, एवढं तुझं फिरणं. त्यात खरा कच्चा रस्ता कुठला? संगमेश्वर सोडून देवरुखच्या पुढे तुमच्या वाडीकडे चढणारा तेवढाच. पण तो चढ मी जुलैत पाहिलाय. वर लाल मातीचा साबणासारखा गुळगुळीत थर आणि खाली कडक जांभा. स्कॉर्पिओची ताकद मागच्या चाकांना. मागचा टायर गोटा झाला की तो जागच्या जागी फिरतो आणि गाडी गडग्याकडे सरकते. साध्या एचटी, म्हणजे पक्क्या रस्त्यासाठीच्या, टायरच्या खाचा बारीक, त्या चिखलाने लगेच भरून जातात. एटीच्या खाचा रुंद असतात, चाक फिरताना त्यातला चिखल बाहेर फेकला जातो आणि कडेचे ठोकळे मातीत रुततात. तुला एवढ्यासाठी एटी हवेत, आणि हे कारण पुरेसं आहे.

आता दुसरी बाजू. माझ्या मते तीच महत्त्वाची, आणि दुकानात ती कुणी आपणहून सांगत नाही. पावसाळ्यात तुझी बहुतेक धाव ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर होणार. एटीच्या खाचा मोठ्या म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ठोकळे मोठे, त्यामुळे ब्रेक दाबला की ते वाकतात. शिवाय दगडाने चिरू नये म्हणून रबरही बऱ्याचदा कडक घेतलेलं असतं. साचलेल्या पाण्यातून जाताना खोल खाचा कामाला येतात, पण नुसत्या ओल्या, चकचकीत रस्त्यावर जोरात ब्रेक मारावा लागला, तर एटीवरची गाडी चांगल्या एचटीपेक्षा साधारणपणे थोडी पुढे जाऊनच थांबते. मागच्या सीटवर तुझ्या मुली आणि अण्णा बसलेले असतात रे. ते ‘थोडं पुढे’ मला चालणार नाही, तुलाही चालू नये.

म्हणून निवडताना टायर हातात घेऊन बघ. परवा मी माजिवड्याजवळच्या एका दुकानात मुद्दाम जाऊन दोन एटी शेजारी शेजारी ठेवायला लावले. एकाचे ठोकळे सपाट, सलग. दुसऱ्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा होत्या. अंगठ्याने ठोकळा दाबला की त्या किंचित उघडायच्या. ओल्या रस्त्यावरचा पाण्याचा पातळ थर फोडायचं काम या चिरा करतात. चिरा भरपूर आणि खोलवर गेलेल्या असतील तो टायर आपल्याकडच्या पावसाला चांगला. पक्का रस्ता किती आणि कच्चा किती याचं ‘पन्नास-पन्नास’, ‘सत्तर-तीस’ असं जे सांगतात ना, त्याचं कुठलं प्रमाण ठरलेलं नाही, कंपन्या आपापल्या अंदाजाने बोलतात. त्यावर जाऊ नकोस.

नावंच घ्यायची तर तुझ्या मापात मी आधी योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी015 आणि अपोलोचा अप्टेरा एटी2 बघेन. दोन्ही सौम्य स्वभावाचे एटी आहेत. जिओलँडरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह दिसेल, ते बर्फासाठीचं, आपल्याला त्याचं काही देणंघेणं नाही. मापानंतर किंवा मापाआधी ‘एलटी’, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेला टायर मात्र घेऊ नकोस. तो जड असतो, तेवढंच वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते, गाडी दणके देते आणि डिझेलही जास्त खाते. अण्णांच्या पाठीला तो सोसायचा नाही.

माप वाढवायचं तुझ्या डोक्यात आहे, हे मला वहिनींकडून कळलं. ते काढून टाक. तुझा टायर 235/65 आर17, म्हणजे उंची साधारण 737 मिलिमीटर. तू म्हणतोस तो 255/65 घेतलास तर उंची 763 होते. साडेतीन टक्क्यांचा फरक. काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी तेवढ्याने जास्त पळत असेल, पिकअप मंदावेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासायचा धोका वेगळाच. रिमही मोठी करू नकोस. आमच्या घोडबंदर रोडवर पावसात पेव्हर ब्लॉकच्या कडा आणि खड्डे कसे असतात ते तू पाहिलंयस, तिथे टायरची उंच कडच रिमला वाचवते.

बिलाआधी कडेवरचे आकडे स्वतः वाच. मापाच्या पुढचा 104 म्हणजे एका टायरला 900 किलो झेपतात, 108 म्हणजे 1000. गाडीबरोबर जेवढा आला होता, त्याच्या खाली जाऊ नकोस. पुढच्या अक्षराने वेग कळतो : एस 180, टी 190, एच 210 किलोमीटर. तेही मूळच्यापेक्षा कमी नको. मग टायरच्या कडेवर ‘डीओटी’ (DOT) ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघ. 4025 असेल तर 2025 सालच्या चाळिसाव्या आठवड्यातला माल. गोदामात नुसतं पडूनही रबर म्हातारं होतं, म्हणून वर्षभरापेक्षा जुना टायर मी तरी घेणार नाही. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू दे.

संभाजीनगरला जाताना लागणाऱ्या समृद्धी महामार्गाबद्दल एक. आमणेला चढलास की 120 ची मर्यादा आणि सरळ काँक्रीट, पाय आपोआप दाबला जातो. हवा कमी असेल तर टायरची कड सतत वाकत राहते, आत उष्णता साठते आणि तो फुटू शकतो. म्हणून निघण्याआधी, टायर गार असतानाच हवा तपास, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भर. तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा काढायची नाही. त्या काँक्रीटवर एटीची घरघर मात्र ऐकू येणारच. टायर झिजतील तशी ती वाढत जाते, आणि अदलाबदल केली नाही तर लवकर वाढते. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे कर. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग बसवतानाच करून घे, व्हॉल्व्हही नवे टाकायला सांग.

पैशाची ओढाताण असेल आणि आत्ता दोनच घ्यायचे ठरलं, तर नवे मागे लाव, जुन्यातले बरे पुढे ठेव. पावसात मागची बाजू घसरली की गाडी सावरणं फार अवघड. पण माझं ऐकशील तर चारही एकदम घे, कमी पडतील ते मी देतो, दिवाळीपर्यंत परत कर. स्टेपनीवरचं सालही बघून ठेव, ती गाडीबरोबर आलेली असेल तर तिच्यावर घाटात भरवसा ठेवू नकोस.

येत्या रविवारी सकाळी इकडे ये. दुकान दहाला उघडतं, आपण साडेनऊला घरी नाश्ता करून निघू. येताना आरसीची प्रत आण, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो आजच पाठव, म्हणजे मी माल मागवून ठेवायला सांगतो.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. अण्णांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद