रुंदी किती ते आधी लिहा

मा. संपादक,
स. न.

कांस (म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारा नाला) रुंद करायला मागची पट्टी लिहून देत नाहीत म्हणून कालच्या अग्रलेखात आपण कांसेकाठच्या घरमालकांना ‘चार फुटांसाठी अख्खं शहर बुडवणारे’ म्हटलंत. धन्यवाद. पूर काय असतो हे आम्हाला शिकवू नये एवढीच विनंती. ऑगस्ट २०२४ मध्ये इथे बडोद्यात काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा भूखी कांस आमच्या टेनामेंटच्या मागच्या दारातूनच आत आली. ओट्यापर्यंत पाणी. तीन दिवस आम्ही गच्चीवर आणि जिन्यात मगरीचं पिल्लू. कांस रुंद व्हावी, खोल व्हावी, तिच्याकडेनं यंत्र जायला वाट असावी, हे आमच्याइतकं कोणाला पटणार?

पण दुधानं तोंड पोळलंय. २००५ च्या पुरानंतर पालिकेचे असेच एक साहेब आले होते. ‘मागून फक्त सहा फूट वापरू द्या, काकी, गाळ काढायचाय.’ आमचे हे भिडस्त, चहा पाजून तोंडी होकार देऊन बसले. दुसऱ्या दिवशी जेसीबी. भिंत पाडली, गाळ काढला आणि आमच्याच अंगणात पारिजातकावर ओतला. भिंत ‘आठ दिवसांत’ बांधून मिळणार होती. दोन पावसाळे वाट पाहून आम्ही स्वखर्चानं बांधली, तर नोटीस आली, की तुमची भिंत कांसेच्या जागेत आहे, अतिक्रमण काढा! हे कचेरीत गेले. साहेब बदललेले. नवीन साहेब म्हणाले, ‘परवानगी दिली होती म्हणता, कागद कुठाय?’ ह्यांना त्या दिवशी घरी येऊन जेवण गेलं नाही.

आता पुन्हा संमतिपत्र आलंय. ‘कायमस्वरूपी वापरहक्क’ असा शब्द आहे आणि रुंदीच्या जागी रिकामी रेघ. आणणारा मुलगा म्हणतो, ‘मासी, सही आत्ता करा, आकडा नंतर भरू.’ कोरा चेक आम्ही पोटच्या मुलालाही दिलेला नाही. त्या पट्ट्यावर पुढे न खोली बांधता येणार, न झाड लावता येणार. घरवेरा, म्हणजे घरपट्टी, मात्र पूर्ण प्लॉटची भरायची. दुसऱ्याच्या जमिनीच्या अशा वापरासाठीच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात स्पष्ट आहे, की जमीन मालकाचीच राहते, आणि हक्क बजावताना नुकसान झालं तर हक्क घेणाऱ्यानं शक्य तेवढं दुरुस्त करून द्यायचं. मग तेवढी एक ओळ या फॉर्मात लिहायला शाई संपली का? भिंत कोण बांधणार, गाळ कुठे टाकणार, वर्षातून कितीदा येणार, काहीच नाही.

आणि वरच्या अंगाला कांसेवर स्लॅब टाकून ज्यांनी पार्किंग केलंय, त्यांच्याकडे हा मुलगा फॉर्म घेऊन गेला नाही. मी विचारलं. तो हसला. त्यांच्यावर अग्रलेख कधी?

आमचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे. रेघेवर आकडा आणि खाली जबाबदार माणसाचं नाव लिहून आणा, मी त्याच दिवशी सही करते. चहाही पाजीन.

ता. क. : शब्दकोड्याचं उत्तर दोन रविवार झाले छापलेलं नाही. तेही ‘नंतर भरू’ आहे का?

– एक गृहिणी, समा, बडोदे