पोराला काढू नको, एवढंच सांगायचंय

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन झाल्यापासून तेच डोक्यात घोळतंय बघ. पोरगा आठवीत, मॅचला नुसता बाकावर बसून येतो आणि घरी येऊन रडतो, वहिनी म्हणतात फुटबॉल बंद करून क्लास लावू. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसलोय. काढू नको रे. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी नको.

तू स्वतः कसा शिकलास ते आठव की. जूनमध्ये पाऊस लागला की क्रिकेटवाली पोरं घरी बसायची आणि ग्राउंड आपलं व्हायचं, तांबडा चिखल, बुटाला किलोभर माती, बॉल टप्पा घ्यायचाच नाही. तू डावीकडं बचावाला, लेफ्ट बॅक, आणि मी गोलमध्ये. गोलकीपरला सगळ्यांच्या पाठी दिसतात, पण समोरचा कडेनं पळणारा विंगर तुला चकवून पुढं निघाला आणि तू वळून परत धावायला लागलास की तुझं तोंड मला समोर दिसायचं. दात आवळलेले, डोळ्यांत पाऊस, आणि पाय थांबलेले मी कधी बघितले नाहीत. सर कानडी, मराठी मोडकंतोडकं, पण लाईनवरून 'ओडो, ओडो', म्हणजे पळ पळ, ओरडायला लागले की सगळ्यांना कळायचं. त्यांनी शिकवलेलं मला अजून पाठ आहे, चकवलं की बॉलच्या मागं लागायचं नाही, सरळ गोलच्या जवळच्या खांबाकडं पळायचं, बॉल आणि गोलच्या मध्ये यायचं, आणि आलं की लगेच पाय घालायचा नाही, त्याला अडवून लाईनकडं ढकलत न्यायचं. चांगला टॅकल मारला तर सर काही बोलायचे नाहीत, परत पळून आला की मात्र पाठीवर थाप.

तालुका लेव्हलच्या त्या मॅचमध्ये तो कॅम्पातला बुटका विंगर तुला लागोपाठ चकवत होता, बाहेरची पोरं हसत होती, आणि शेवटी शेवटी त्याने मारलेला बॉल तुझ्या नडगीवर आपटला तो आवाज मला गोलमध्ये ऐकू आला. मॅच हरलोच आपण, जिल्ह्याला काय गेलो नाही. पण पुढं वडगावात रात्री विणायला मागावर बसून, सकाळी कॉलेजला जाऊन तू पीयूसी, म्हणजे बारावी, काढलीस ना, तेव्हा मला तुझं तेच तोंड दिसायचं, खोटं नाही सांगत.

पोराला 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपचं सांग. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडर मारून बरोबरी केली, अख्खं स्टेडियम उभं, आणि पुढच्याच मिनिटाला त्यांनी गोल केला. तिन्ही मॅच हरले आपले. पण त्याच पोरांतले जॅक्सन, सुरेश, अन्वर अली पुढं सिनियर टीमकडून खेळले.

आणि बाकावर बसणं म्हणजे फुकट वेळ असं समजू नको. त्याला म्हणावं, तुझ्या जागेवर जो खेळतोय त्याच्याकडंच बघत बस, बॉल लांब असताना तो कुठं उभा राहतो ते बघ, घरच्यांना हे दिसत नाही पण अर्धा खेळ तिथंच असतो. संध्याकाळी भिंतीवर डावा पाय मारत राहू दे, टेकायचा पाय बॉलच्या बाजूला, घोटा घट्ट. सरांना जाऊन स्वतः विचारू दे काय कमी पडतंय, तू जाऊ नको, बापाने जाऊन जागा मागितलेली पोरांना आवडत नाही. सीझन संपल्यावर तोच नको म्हणाला तर मग सोड, तेव्हा मी काही बोलणार नाही.

गणपतीला याल तेव्हा त्याचे बूट पिशवीत घालायला विसरू नको. वहिनींना सांग, क्लासला माझा विरोध नाही, दोन्ही जमतं. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, रविवारी फोन कर, दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझाच,
गोलकीपर