माजी सैनिकाला एनसीसीचं मैदान बंद का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना सैन्यात कायम केलं जाईल, बाकीचे घरी येतील. त्यांना नोकऱ्या कुठे मिळणार, याबद्दल वर्तमानपत्रांतून सतत लिहून येतं आणि ते यायलाच हवं. पण यांतले कितीतरी जण अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला कॉलेजात येतील, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी एका महाविद्यालयात बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली पंधरा वर्षं तिथली एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेची, कंपनी सांभाळली. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे शनिवारी आणि रविवारी सकाळी सातला फॉल-इन, म्हणजे परेडसाठी रांगेत हजर होणं, असायचं. एका वर्षी पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली एक विद्यार्थी प्रत्येक परेडला येऊन उभा राहतो. एफ.वाय.बी.ए.चा होता, वय सत्तावीस. सात वर्षं पायदळात काढलेली. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, तेव्हा वैद्यकीय कारणावरून त्याला घरी पाठवलं होतं. उजवा कान मैदानाकडे करून तो उभा राहायचा. 'सावधान'ची आज्ञा सुटली की त्याच्याही टाचा जुळायच्या. आपण हे करतोय याचं त्याला भान नसावं.

तिसऱ्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. "सर, यादीत नको, सर्टिफिकेट नको. मागच्या रांगेत उभं राहू द्या." मी त्याला नियम सांगितला. एनसीसीच्या वरिष्ठ (महाविद्यालयीन) विभागासाठी वयाची मर्यादा 26 वर्षं आहे. तो "बरं सर" म्हणाला आणि पुन्हा झाडाखाली जाऊन उभा राहिला. पंधरा वर्षांत मी अनेक मुलांना नाही म्हटलं असेल. उंचीमुळे, मेडिकलमुळे, जागा संपल्या म्हणून. हा नकार मात्र मला अजून टोचतो.

त्याच महिन्यातली गोष्ट. परेड सुटल्यावर पहिल्या वर्षाची एक कॅडेट बुटांवरून बोलणी खाऊन रडवेली होऊन बसली होती. हा तिच्यासमोर खाली बसला, एक बूट मागून घेतला, लेस पूर्ण सोडली आणि आडव्या ओळींत पुन्हा ओवली. मग बोटाला फडकं गुंडाळून टोकावर पॉलिशचा अगदी पातळ थर दिला आणि ओल्या कापसाने लहान लहान गोल फिरवत बसला. "दाबायचं नाही ताई, नुसतं फिरवायचं. पाण्याचा थेंब आणि पॉलिश, आलटून पालटून." वीसेक मिनिटं लागली. दुसरा बूट त्याने तिलाच करायला लावला. पुढच्या शनिवारी झाडाखाली सात-आठ जण आपापले बूट घेऊन बसले होते.

बुटांपाशी हे थांबलं नाही. भरतीला जाणाऱ्या मुलांना 1.6 किलोमीटरची धाव कशी विभागायची हे तो शिकवू लागला. पहिल्या फेरीतच छाती फुटेस्तोवर पळणारी आमची मुलं चौथ्या फेरीत कोलमडायची, ती श्वास राखून पळायला लागली. त्याहून मोलाचं म्हणजे पलटणीतलं आयुष्य कसं असतं ते तो खरं खरं सांगायचा. पहिल्या सहा महिन्यांत घरची आठवण कशी छळते, सीमेवरच्या रात्री कशा असतात, आणि एक दिवस 'तुम्ही आता अपात्र' असा कागद हातात पडतो तेव्हा काय होतं. आमच्याकडे बटालियनमधून येणारा पी.आय. स्टाफ, म्हणजे सैन्यातले प्रशिक्षक, उत्तम होता. कवायत, नकाशावाचन, रायफल उघडणं-जोडणं त्यांनीच मुलांना शिकवलं. पण ते सेवेतले लोक, ड्यूटीवर आलेले. एकाच बाकावर बसून नोट्स उतरवणारा सैनिक ही वेगळी गोष्ट आहे.

आता हिशेब पाहा. जून 2022 मध्ये अग्निवीरांची अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा भरतीच्या वयाची मर्यादा साडेसतरा ते 21 होती आणि त्या एका वर्षापुरती ती 23 पर्यंत वाढवली गेली. तेविसाव्या वर्षी भरती झालेला जवान चार वर्षांनी सत्तावीस वर्षांचा होऊन परतेल. एकविसाव्या वर्षी गेलेला पंचविशीत येईल, आणि घरची परिस्थिती पाहून आधी दोन वर्षं नोकरी करून मग कॉलेजात आला तर त्यालाही उशीर झालेला असेल. कला-वाणिज्य शाखेच्या पदवीला वयाची वरची अट नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर शिक्षण मध्येच सोडून पुन्हा येण्याची वाट मोकळी केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये एनसीसी हा श्रेयांक असलेला वैकल्पिक विषय म्हणून घ्यावा, असं विद्यापीठांना सुचवलं. म्हणजे वर्गाचं दार उघडं आणि मैदानाचं बंद, असा प्रकार होतो.

आणि हा प्रश्न फक्त सैनिकांचा नाही. घरच्या अडचणींमुळे सहा-सात वर्षं काम करून मग शिकायला आलेले विद्यार्थी प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांच्यात जी शिस्त आणि निकड असते, ती अठराव्या वर्षी क्वचित दिसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो हुद्द्याचा. वीस वर्षांची सीनियर अंडर ऑफिसर (एसयूओ, कॅडेटांमधला सर्वांत वरचा हुद्दा) मुलगी सात वर्षं सेवा केलेल्या माणसाला हुकूम कसा देणार? मला हा आक्षेप कधीच पटला नाही. सैन्यात अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट असतो आणि त्याला सलाम करणारा सुभेदार चाळिशी ओलांडलेला असतो. सुभेदारसाहेब सलामही करतात आणि त्या लेफ्टनंटला घडवतातही. हुद्दा आणि अनुभव शेजारी शेजारी कसे नांदतात, हे शिकायचं असेल तर कॉलेजच्या कंपनीइतकी चांगली जागा नाही. माझी एसयूओ त्या काळात एकदा म्हणाली होती, "सर, ते झाडाखाली असले की मी कमांड जास्त नीट देते."

अडचणी येणारच नाहीत, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धानंतर रणांगणावरून परतलेले विद्यार्थी आले, तेव्हा नवख्या कॅडेटांना छळण्याच्या तिथल्या जुन्या प्रथा त्यांना पटेनात आणि बरेच खटके उडाले. मला त्यात सैनिकांची चूक दिसत नाही. लढाई पाहिलेल्या माणसाला पोरकट रॅगिंग सहन होत नाही, हे त्या संस्थेला तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं. आज त्याच विद्यापीठाच्या कॅडेट दलात डेल्टा कंपनी ही माजी सैनिकांची वेगळी कंपनी आहे.

दुसरा आक्षेप जागांचा आहे आणि तो रास्त आहे. प्रत्येक कंपनीची संख्या मंजूर असते. एका माजी सैनिकामुळे अठरा वर्षांच्या एखाद्या मुलीची जागा जाता कामा नये. म्हणून 26 वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना मंजूर संख्येच्या बाहेर, स्वतंत्र नोंद करून घ्यावं. सैन्याच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीची, म्हणजे एनसीसीच्या मुलांना लेखी परीक्षेविना अधिकारी होण्यासाठी असलेल्या वाटेची, वयोमर्यादा त्यांनी ओलांडलेली असल्याने तो लाभ त्यांना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. परेड, वार्षिक शिबिर आणि परीक्षेला बसण्याची मुभा, एवढंच द्यावं. विमा, वैद्यकीय तपासणी वगैरे गोष्टी कार्यालयीन पातळीवर सुटण्यासारख्या आहेत.

एनसीसीचे नियम म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही. छात्र सेना उभारण्यासाठी नेमलेल्या कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर 1948 मध्ये एनसीसीचा कायदा झाला. लगेच 1949 मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. देशाला जसं लागलं तशी ती बदलत आली. आता चार वर्षांची सेवा करून परतणारा तरुण ही नवीनच गोष्ट आपल्यासमोर आहे, तर वयाची अट पुन्हा तपासायला काय हरकत आहे?

तो विद्यार्थी तीन वर्षं आमच्याकडे होता आणि परीक्षेचे दिवस सोडले तर त्याने एकही परेड चुकवली नाही. माझ्या हजेरीपटात त्याचं नाव कुठेच नाही. पदवीदान समारंभात मुलांनी त्याला गराडा घातला होता. त्यात त्या वर्षी एनसीसीचं सर्वांत वरचं 'सी' सर्टिफिकेट मिळवलेली ती बुटांची मुलगीही होती.

संरक्षण मंत्रालयाने आणि एनसीसी महासंचालनालयाने पहिल्या तुकड्या परतायच्या आत याचा विचार करावा, ही माझी कळकळीची विनंती. नियम बदलायला वेळ लागेल हे मी जाणतो. तोवर प्राचार्यांनी आणि माझ्या जागी आज काम करणाऱ्या एनसीसी अधिकाऱ्यांनी एवढं जरूर करावं. प्रवेशाच्या वेळी माजी सैनिक विद्यार्थ्यांची नावं टिपून घ्यावीत, त्यांना भेटावं आणि बटालियनच्या परवानगीने शारीरिक तयारीच्या तासांना सन्मानाने मैदानावर बोलवावं. मला हे तेव्हा सुचलं नाही. मी त्याला झाडाखालीच उभं राहू दिलं.

कळावे,
एक निवृत्त प्राध्यापक व माजी एनसीसी अधिकारी