बाबा, तुम्ही मासे सोडू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या मांसाहार सोडण्याचा विषय निघाला की आपण तिघंही एकदमच बोलायला लागतो, आणि शेवटी आईचा आवाज एवढासा होतो. म्हणून लिहितेय. निवांत वाचा. दादाला दाखवू नका, तो महिनाभर मला चिडवेल, आणि त्याच्या त्या नुसत्या सुपावर काढलेल्या महिन्यानंतर त्याला तो अधिकार उरलेला नाही.

आई, आधी तुझं. मटण, चिकन, मासे मी सोडले ते सोडलेच. तू सगळ्यांना सांगतेस की हे वजनाचं खूळ आहे, चार किलो उतरले की येईल ताळ्यावर. अगं, माझं वजन तसूभर हललेलं नाही. हलणार तरी कसं? साखर, तेल, मैदा, बटाट्याचे वेफर्स, सगळं शाकाहारीच असतं. माझ्या ताटातून मटण गेलं आणि चीज आलं, आणि चीज काही मटणापेक्षा हलकं नसतं. वजन कमी करायला म्हणून मी हे धरलं असतं तर एव्हाना कंटाळून सोडूनही दिलं असतं.

कारण तुला फोनवर नीट सांगता आलं नाही, कारण ते फार साधं आहे आणि साधं कारण तुला पटत नाही. माझं पोट जर त्याच्याशिवाय नीट भरतंय, तर माझ्यासाठी कोणी जनावर मारू नये असं मला वाटतं. बस. कोणी सांगितलं नाही, कुठल्या गुरूच्या नादी लागले नाही, प्रेमभंग झालेला नाही (मावशीला हे आवर्जून सांग). लहानपणी बाजारात पिंजऱ्यासमोरून जाताना मी बाबांच्या मागे दडायचे, ते आठवतंय ना? तेव्हा तू म्हणायचीस, मोठी झालीस की जाईल. ते गेलं नाही, एवढंच.

आणि हे मी फक्त माझ्यापुरतं ठरवलंय. तू तुझा स्वयंपाक कर, मी शेजारी बसून जेवेन, नाक मुरडणार नाही. माझ्यासाठी वेगळी भांडी काढू नकोस. तुझ्या हातचं मी नाकारतेय असं मनात आणू नकोस ना गं. तुझ्या हातच्या साध्या वरणासाठी मी अजूनही दोन घास जास्त खाते.

मी उपाशी राहत नाही, हेही एकदा सविस्तर लिहून टाकते. सकाळी अंडी असतात. हो, अंडी आणि दूध चालू आहे, तेवढ्याने तरी तुझा जीव भांड्यात पडू दे. दुपारचा डबा गरम करून खाते, डब्यात डाळ किंवा उसळ रोज असतेच. रात्री उशीर झाला तरी दूध-फळांवर भागवत नाही, पोळी लाटते. झोप चांगली लागते. केस गळत नाहीत. रक्त तपासून घेतलं, हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे. बी-१२ची गोळीही घेते, कारण हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात भरवशाचं मिळत नाही, प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच मिळतं, आणि दूध-अंड्यांतून पुरेसं येतंय की नाही यावर मला अवलंबून राहायचं नाही. शरीरात त्याचा साठा बरीच वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता झालीच तरी ती उशिरा कळते. झालं समाधान?

आता बाबा. खरं तर हे पत्र तुमच्यासाठी आहे.

आईनं सांगितलं की तुम्हीही मासे-मटण बंद केलंय, माझ्यापाठोपाठ. ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं की डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी वजन कमी करायला सांगितलं आणि सकाळच्या फिरण्यातल्या तुमच्या मित्रमंडळींनी ठरवलं की शाकाहारी झालं की माणूस आपोआप बारीक होतो. ते होत नाही हो. मासे गेल्यावर भात वाढला, संध्याकाळचं तळण वाढलं, आणि 'आता शाकाहारी आहे, चालतं' म्हणून गोडही वाढलंय, ही खबर मला मिळालेली आहे.

तुम्ही हिशेबाचे पक्के, म्हणून हिशेबच मांडते. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी, पिष्टात आणि प्रथिनांत ४. म्हणजे एका मोठ्या चमचाभर तेलात साधारण १२०. पांढऱ्या, कमी चरबीच्या १०० ग्रॅम माशात त्याहून कमी असतात. तेव्हा तुमच्या पानातल्या माशाला दोष देऊ नका, तो ज्या तेलात पोहत होता ते तेल बघा.

इटलीत फ्लॉरेन्सला ११८ जणांवर झालेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच माणसांना तीन महिने शाकाहार दिला, दूध-अंडी धरून, आणि तीन महिने मासे आणि थोडं मांस असलेला भूमध्यसागरी आहार. कॅलरी दोन्हीकडे कमी ठेवल्या होत्या. वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, सरासरी पावणेदोन ते दोन किलोंच्या दरम्यान. शाकाहारात वाईट कोलेस्टेरॉल जास्त उतरलं, दुसऱ्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. शाकाहारी माणसं सरासरीनं थोडी सडपातळ असतात हे ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण ती माणसं बरेचदा इतर बाबतींतही तब्येतीला जपणारी असतात, आणि तुमच्यासारखं गोड लपवून खात नाहीत.

गांधीजींचा दाखला तुम्हाला चालतो, म्हणून तोही देते. १९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळींसमोर बोलताना त्यांनी हेच सांगितलं होतं: केवळ तब्येतीसाठी शाकाहार धरणारे बहुतेक जण मागे फिरतात, टिकायचं तर त्याला नैतिक पाया लागतो. समोर शाकाहाराचा प्रचार करणारी मंडळी बसली असताना हे बोलायला धाडस लागतं. तुमच्याकडे तो पाया आहे का, हे तुम्हीच बघा. असेल तर मला आनंदच आहे, आपण दोघं मिळून आईला छळू. पण काट्यावरचा आकडा एवढंच कारण असेल तर बाबा, मासे सोडू नका. तुम्हाला ते मनापासून आवडतात. लहानपणी तुम्ही आधी माझ्यासाठी काटे काढायचात, बोटांनी चाचपून पांढरे तुकडे माझ्या ताटाच्या कडेला एका रांगेत लावायचात, आणि तोवर तुमचा भात गार व्हायचा. तेच हात आता ताट पुढे सरकवतात म्हणून आई सांगते, तर मला ते सहन होत नाही. माझ्या निर्णयाची झळ तुमच्या ताटाला नको.

आणि तुमच्या वयात मला वजनापेक्षा स्नायूंची काळजी जास्त वाटते. खाणं नुसतंच कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि गुडघ्याला आधार द्यायला तेच तर लागतात. वय झालेल्यांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना विचारा). शिजवलेल्या १०० ग्रॅम मसूरडाळीत ती जेमतेम ९ ग्रॅम असतात, एका अंड्यात ६. तेव्हा वाटीभर पातळ वरणावर तुमचं भागणार नाही.

आता मी सांगते तसं करायचं, वाद नको.

या आठवड्यातच बी-१२ची तपासणी करून घ्या. तुम्ही इतकी वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेताय, त्या औषधानं बी-१२ कमी होऊ शकतं आणि वयानं ते अन्नातून नीट शोषलंही जात नाही. त्यात तुम्ही मासे-मटण बंद केलंत. पायाला मुंग्या येतात असं मागे म्हणाला होतात, तेही डॉक्टरांना सांगा, 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. साखरेच्या गोळ्यांचा डोस स्वतःच्या मनानं कमी करायचा नाही, आणि गोळी घेऊन जेवण टाळायचं तर मुळीच नाही. चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासभर जाऊ द्या, चहामुळे डाळी-भाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू मात्र हवं तेवढं पिळा, त्यानं ते जास्त लागतं. वजन रोज नाही, आठवड्यातून एकदा करा. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम जमेल तेवढाच, गुडघा दुखला की थांबायचं. तळण कमी, आणि भात दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं. मासे वाफवून किंवा रश्शात, आठवड्यातून दोनदा.

आई, तेल तू मोजून घालतेस हे मला माहीत आहे. पण तू पाठ फिरवलीस की कोण चमचा वाढवतं, हे तुलाही माहीत आहे. त्यावर लक्ष ठेव. आणि तूसुद्धा तपासणी करून घे, त्यांच्याबरोबरच. तुझं काय, तुला कोणी विचारलंच नाही म्हणशील, म्हणून विचारतेय: चक्कर अजून येते का? खरं खरं सांग.

मी येईन तेव्हा तू नेहमीसारखा बेत कर. बाबांच्या पानात मासे दिसले पाहिजेत. त्यांना आता बारीक काटे नीट दिसत नाहीत ना? मी काढून देईन.

रिपोर्ट आले की फोटो पाठवा, आणि बाबा, कागद सरळ धरा. मागच्या वेळी आकड्यांवर तुमचा अंगठाच आला होता.

तुमची,
मनू