मंत्री साहेब, यंदा पुस्तकांची लिस्ट पाठवू नका

मा. शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेची लायब्ररी सांभाळते. आठवी ते बारावीची पोरं माझ्याकडे येतात, म्हणजे येतात कसली, टाईमटेबलमध्ये तास आहे म्हणून पाठवली जातात. किशोरांसाठी शिफारस केलेल्या पुस्तकांची नवी लिस्ट निघणार असं कानावर आलं, म्हणून निघायच्या आधीच लिहितेय.

लिस्ट वाईट नसते हो. मागची मी पाहिली, एकेक पुस्तक बावनकशी. पण ती बनवणाऱ्यांना स्वतःला जे आवडलं, तेही चाळिशीनंतर आठवून आठवून, तेच तिच्यात होतं आणि खाली एक ओळ होती, प्रत्येक विद्यार्थ्याने वाचून एक पानाचा सारांश द्यावा. झालं. सारांश आले, सगळे एकाच हुशार मुलीच्या वहीतले, तिच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

आता कपाटासमोर खरं काय होतं ते सांगते. नववीतला एक मुलगा, उंच, नुकतं मिसरूड फुटलेलं. तो नाव बघत नाही, लेखक तर नाहीच नाही. पुस्तक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतो, जाडी बघतो, मग मधलंच कुठलंतरी पान उघडून अक्षर केवढं आहे आणि डायलॉग आहेत का ते बघतो, कारण डायलॉग असले की पान लवकर संपतं. स्टाफरूममध्ये याला आळस म्हणतात. मला वाटतं तो हिशोब करतोय, यात शिरलो तर बाहेर पडता येईल का याचा. त्याचं वाचन कच्चं आहे, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो, आणि हे त्याला चांगलं माहितीये, वर्गाला कळू नये एवढीच धडपड असते. एकदा मीच शहाणपणा केला, त्याला झेपेल असं म्हणून कव्हरवर ससा असलेलं पुस्तक दिलं. त्याने ते शर्टाच्या आत घालून नेलं, दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि पुढे महिनाभर फिरकला नाही. वाचन तिसरीचं असलं तरी पोरगा पंधरा वर्षांचाच असतो ना. अक्षर मोठं, वाक्यं सोपी, पण गोष्ट पंधरा वर्षांच्या मुलाची, अशी पुस्तकं इंग्रजीत मुद्दाम काढतात. आपल्याकडे ती शोधताना नाकी नऊ येतात.

तर तो परत आला तो भुतांमुळे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. एक गोष्ट एका बैठकीत संपते, आणि संपली की 'मी पूर्ण वाचलं' असं त्याला म्हणता येतं, हे वाक्य त्याने कदाचित शाळेत पहिल्यांदाच म्हटलं असेल. मग नारायण धारप. यात साहित्यिक मूल्य काय, असं मला एका सरांनी विचारलं होतं. मूल्य हे की पोरगा उभ्या उभ्या वाचत होता आणि घंटा ऐकू आली नाही त्याला.

'तुला काय वाचायला आवडतं' हे विचारणं मी बंद केलंय. न वाचणारं मूल 'काही नाही' म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो. मी विचारते, शेवटचं असं काय बघितलंस की अर्धवट सोडून जेवायलाही उठला नाहीस? यावर बोलतात, भरभरून बोलतात. एक मुलगी म्हणाली मला स्पेसचं आवडतं पण विज्ञानात नापास होते. तिला सांगितलं की खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नाव बदलून, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आद्याक्षरांची ही गंमत ऐकून तिने त्यांचं 'यक्षांची देणगी' नेलं. विज्ञानात अजून नापासच होते, ते वेगळं.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' बरेच जण मित्राकडून ऐकून मागतात. नववीतल्या मुलाची गोष्ट, काळ आणीबाणीचा, पण मुलं ती मुकुंद आणि त्याला आवडणाऱ्या शिरोडकरसाठी वाचतात आणि आणीबाणी म्हणजे काय हे मला नंतर येऊन विचारतात. काही पालक नाक मुरडतात. मुरडू देत. 'बनगरवाडी' मात्र नुसती हातात दिली तर जात नाही. १९५५ ची कादंबरी आणि शीर्षकात वाडी, पोरं आधीच जांभई देतात. मग मी पहिली पानं मोठ्याने वाचते, नवखा मास्तर, एकटा, अनोळखी मेंढक्यांच्या गावाकडे निघालाय, आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटते. शिव्या खाते मनातल्या मनात, पण दोघं-तिघं तरी हात पुढे करतातच. प्रकाश नारायण संतांच्या लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टींचं तसंच, 'वनवास' कानावर पडलं की मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' आपोआप.

इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी जे कंटाळतात त्यांना जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन' देते. लिफ्ट खाली येतेय, कमरेला पिस्तूल खोचलेला मुलगा आत, सगळं मिळून एका मिनिटाचा प्रवास, आणि अख्खी कादंबरी कवितेत आहे, म्हणजे पानावर शब्द कमी, जागा जास्त. चिमटीत धरली तर जाड, वाचायला बसलं तर एका संध्याकाळची. जाड पुस्तक संपवल्याचा रुबाब वर्गात किती चालतो ते तुम्ही बघायला हवं.

आणि कॉमिक्सला कपाटाबाहेर ठेवू नका. 'माऊस' या चित्रकादंबरीला १९९२ मध्ये अमेरिकेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालंय आणि विषय आहे नाझींची छळछावणी, उंदीर-मांजरं बघून बालिश समजणाऱ्यांनी दहा पानं वाचावीत. ज्यांना अक्षरं नाचताना दिसतात त्यांना हातात पुस्तक आणि कानात त्याचंच ऑडिओबुक असं चालू द्या, ती कॉपी नाहीये.

डॅनियल पेनाक नावाचे फ्रेंच लेखक, ते स्वतः शिक्षक होते, त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मी ते लायब्ररीच्या दारावर चिकटवले तर तपासणीला आलेल्या साहेबांनी काढायला लावले, पोरं बिघडतील म्हणाले. आपले एस. आर. रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी १९३१ च्या पुस्तकात ग्रंथालयाचे पाच नियम दिले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. हा मी अजून चिकटवलेला नाही, पण पुस्तक फाटलं तर पगारातून कापू असं ज्यांना सांगितलेलं असतं ते कपाटाला कुलूपच लावणार, त्यांची काय चूक.

म्हणून मागणं एवढंच. लिस्टवर जो खर्च करणार असाल तो पुस्तकांना आणि पुस्तकं वाचलेल्या माणसाला द्या. आज बऱ्याच ठिकाणी लायब्ररीची किल्ली ज्याचा तास रिकामा त्याच्याकडे असते. खरेदीत चार पुस्तकं तरी मुलांना निवडू द्या, त्यातली दोन तुम्हाला भंगार वाटतील हे आत्ताच सांगून ठेवते. फाटलेल्या पुस्तकाचा दंड बंद करा. आणि सारांश, तो तर नकोच.

आपली,
एक ग्रंथपाल

ता. क. मतकरींचं ते पुस्तक दोनदा शिवून झालंय आणि आता शेवटची चार पानं कोणीतरी पळवलीत, त्यामुळे रोज एकजण तरी येऊन शेवट विचारतो आणि मी सांगत नाही. दोन नव्या प्रती बजेटमध्ये बसल्या तर बघा.