माझी ऑस्करवाल्या गाण्यांची यादी, आणि तुझी कुठे चुकली

अरे दोस्ता,

तुझी यादी मिळाली. रात्री साडेअकराला "ऑस्करची टॉप टेन गाणी, फायनल, वाद नको" असं लिहून पाठवतोस आणि वर अपेक्षा करतोस की मी गप्प झोपेन? तीन आठवडे लागले मला उत्तर द्यायला, कारण १९३४ पासूनची जेवढी मिळाली तेवढी ऐकत बसलो, जिंकलेली आणि हरलेली दोन्ही. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या दहातली दोन सरळ बाद करतो. एक 'आय विल ऑलवेज लव्ह यू'. व्हिटनी ह्यूस्टननं 'द बॉडीगार्ड'मध्ये काय गायलंय ते मलाही माहितीये, अंगावर काटा वगैरे सगळं मान्य, पण ते गाणं मुळात डॉली पार्टनचं, १९७४ सालचं. हे बक्षीस 'ओरिजिनल' गाण्याला असतं, म्हणजे त्या सिनेमासाठीच लिहिलेल्या. अर्जच बाद. दुसरं 'स्टेइंग अलाइव्ह'. ते जिंकणं सोड, त्याला नॉमिनेशनसुद्धा नव्हतं, 'सॅटर्डे नाइट फीव्हर'च्या एकाही गाण्याला नव्हतं! हा त्यांचा गाढवपणा आहे हे मी मान्य करतो, पण आपली यादी जिंकलेल्या आणि नॉमिनेट झालेल्या गाण्यांची ठरलेली, त्यामुळे सॉरी.

आणि हो, हे 'सिनेमासाठीच लिहिलेलं' पाहिजे प्रकरण पहिल्यापासून नव्हतं बरं का. १९४१ च्या गाण्यांत जेरोम कर्नचं 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस' जिंकलं, आणि ते 'लेडी बी गुड' या ज्या सिनेमात आलं त्याच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, आधीचं होतं. खुद्द कर्नलाच ते पटलं नाही, त्याच्या मते हॅरोल्ड आर्लेनचं 'ब्लूज इन द नाइट' जिंकायला हवं होतं. त्यानंतर नियम बदलला. हे लक्षात ठेव, पुढे एका अन्यायाच्या वेळी लागणारे.

आता माझी कसोटी. तू गाणी ठरवलीस ती 'किती वेळा गुणगुणलो' यावर. मी ठरवलं की सिनेमातून ते गाणं कापून टाकायचं आणि बघायचं, सिनेमाला काही होतं का? काहीच होत नसेल तर गाणं कितीही गोड असो, ते सिनेमाचं गाणं नाही, सिनेमाला चिकटवलेलं गाणं आहे. आपण लहानपणापासून एकेका सिनेमात सहा-सहा गाणी बघत आलो, त्यातली दोन कथा पुढे ढकलणारी आणि चार बाहेर जाऊन यायला सोयीची, त्यामुळे हा फरक आपल्याला तरी कळायला पाहिजे.

या कसोटीवर तुझं एक नंबरचं 'माय हार्ट विल गो ऑन' धाडकन खाली येतं. थांब, चिडू नकोस. 'टायटॅनिक'मध्ये ते येतं कुठे? जहाज बुडलं, म्हातारी झोपली, दिवे लागायच्या आत, नावं वर सरकताना. जेम्स हॉर्नरची ती धून आधी सिनेमाभर बासरीसारखी फिरत असते आणि ती मला प्रचंड आवडते, पण ते काम धुनेचं आहे, गाण्याचं नाही. माझ्याकडे चौदावं. त्याच ऑस्करच्या रात्री एलियट स्मिथ पांढरा सूट घालून, हातात गिटार घेऊन 'मिस मिझरी' गायला होता, एवढ्या मोठ्या स्टेजवर एकटा, आणि 'माय हार्ट' गाणाऱ्या सेलीन डिऑनच्या वादळापुढे हरला. तो व्हिडिओ बघ एकदा. कसोटी सोडून दे, नुसता बघ.

'स्लमडॉग मिलियनेअर'चं 'जय हो' तू दोनवर ठेवलंस आणि का ठेवलंस ते मला बरोबर कळतंय, मी पण त्या दिवशी नाचलो होतो. रहमानला दोन-दोन ऑस्कर, गुलजारांचं नाव पुकारलं जातंय (आणि गुलजार तिथे नाहीतच!). पण स्टेशनवरचा तो नाच सुरू होतो तेव्हा गोष्ट संपलेली असते यार. त्या वर्षी एकूण तीनच गाणी नॉमिनेट होती, त्यातली दोन याच सिनेमाची, आणि माझं मत दुसऱ्याला, 'ओ साया'ला. पोरं धावतायत, मागे पोलीस, गल्ल्या, पत्रे, आणि ढोल मारत ते गाणं त्यांच्या मागे लागलंय. ते काढलं तर ती पळापळ नुसती पळापळ राहते. म्हणून 'ओ साया' माझ्याकडे दहावं. आता लोकांना सांगत बसू नकोस की मी 'जय हो'ला नावं ठेवतो.

नऊ, 'शाफ्ट', १९७१. आयझॅक हेझ. झांजेवर ती टिकटिक सुरू होते, गिटार वाव-वाव करायला लागते, माणूस सबवेतून वर येऊन न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकमधून चालतोय, आणि गाणारा कितीतरी वेळ तोंडच उघडत नाही. तोपर्यंत तुला हा माणूस कोण आहे ते कळलेलं असतं.

आठ, 'वन्स' सिनेमातलं 'फॉलिंग स्लोली'. वाद्यांच्या दुकानात तो गिटारवर, ती पियानोवर, तो तिला सूर सांगतोय आणि ती चाचपडत साथ धरतेय. प्रेमाचा सीन आहे आणि कोणी कोणाला हातसुद्धा लावत नाही. बक्षीस घेताना ती, म्हणजे मार्केटा इर्ग्लोव्हा, बोलायला लागली तर म्युझिक वाजवून तिला घालवलं, मग जाहिरातींनंतर सूत्रसंचालक जॉन स्टुअर्टनं तिला परत बोलावून बोलू दिलं. असं ऑस्करमध्ये कधी होत नाही.

सातवर 'लूझ युवरसेल्फ' आणि इथे तू मला पकडणार, कारण ते पण शेवटीच येतं. पकड. पण '८ माइल'मध्ये तो पोरगा पहिल्यापासून कागदाच्या चिटोऱ्यांवर काहीतरी खरडत असतो, बसमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे, आणि शेवटी ते गाणं लागतं तेव्हा वाटतं की हेच खरडत होता का हा! म्हणजे सिनेमा त्या गाण्याची वाट बघत असतो. पळवाट आहे, माहितीये. ऑस्कर जिंकणारं पहिलं रॅप गाणं, आणि ते गाणारा एमिनेम समारंभाला आलाच नाही, बाहुली घ्यायला त्याचा सहकारी लुईस रेस्टो गेला.

सहा, 'आरआरआर'मधलं 'नाटू नाटू'. तुझ्या यादीत हे नाहीये याचा मला खरंच धक्का बसला. 'जय हो' दोनवर आणि हे गायब? अरे, कापून बघ ना ते गाणं. गोऱ्यांच्या पार्टीत आपल्या माणसाचा अपमान होतो, त्याला उत्तर म्हणून नाच, नाचाची स्पर्धा, मग राम आणि भीम हे दोघे दोस्तच उरतात आणि शेवटी राम मुद्दाम पडतो म्हणजे भीम त्याच्या मॅडमसमोर जिंकेल. एका गाण्यात अपमान, सूड, दोस्ती आणि प्रेम, आणि बोलायला कोणी थांबत नाही. लिहिलंय चंद्रबोस यांनी, चाल कीरवाणींची, तेलुगू न समजणाऱ्याला पण सगळं समजतं. शूटिंग कीवच्या राजवाड्यासमोर झालंय, युद्धाच्या काही महिने आधी, ते कळल्यापासून मला ती मागची इमारत वेगळीच दिसते.

पाच, 'रिमेंबर मी', 'कोको'मधलं. एकच गाणं, आधी झगमगीत स्टेजवर मिरवत गायलेलं, मग कळतं की बापानं ते लेकीसाठी अंगाई म्हणून केलं होतं, आणि शेवटी पोरगा ते म्हाताऱ्या पणजीसमोर गिटारवर हळू वाजवतो. चाल तीच, शब्द तेच. मी विमानात बघितला होता हा सिनेमा, शेजारच्या माणसानं मला रुमाल दिला, एवढंच सांगतो.

स्प्रिंगस्टीनचं 'स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया' अकरावर गेलं, फार वाईट वाटलं, पण पुढे चल.

चार, 'के सेरा सेरा'. माझ्या कसोटीप्रमाणे हे खरं तर एक नंबरला पाहिजे, गणितच तसं आहे! हिचकॉकचा सिनेमा, 'द मॅन हू न्यू टू मच', १९५६. पोराला पळवून दूतावासात वरच्या खोलीत कोंडलंय. आई एके काळची नावाजलेली गायिका, म्हणून पाहुणे तिला गायचा आग्रह करतात. ती पियानोवर बसते आणि हेच गाणं म्हणते जे ती पोराबरोबर म्हणायची, पण केवढ्यानं! पार्टीतले लोक एकमेकांकडे बघायला लागतात, ही बाई एवढी का ओरडतेय, आणि कॅमेरा जिन्यावरून वर वर जातो, आवाज बारीक होत होत त्या बंद दरवाजापर्यंत, आणि मग आतून शिट्टी. पोरगा शिट्टीवर तेच वाजवतोय. बाप त्या शिट्टीच्या मागावर वर धावतो. गाणं कापलं तर पोरगं सापडणारच नाही, यापेक्षा जास्त काय पाहिजे? तरी चारवर का, तर सिनेमा सोडून नुसतं ऐकलं की मला ते थोडं बालवाडीचं वाटतं. म्हणजे शेवटी मी पण तुझ्यासारखाच गुणगुणण्यावर आलो. हस.

तीनला माझी एक फजिती सांगतो. 'मून रिव्हर' ऐकत होतो पंधरा दिवस, आणि मनात म्हणत होतो, छान आहे पण एवढं काय? मग लक्षात आलं की प्लेलिस्टमध्ये अँडी विल्यम्सचं आहे! भरदार आवाज, मागे सगळा ऑर्केस्ट्रा. सिनेमात, म्हणजे 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'मध्ये, ते ऑड्री हेपबर्न स्वतः गाते, खिडकीच्या चौकटीत बसून, डोक्याला टॉवेल, मांडीवर गिटार, आणि तिला गाता फारसं येत नाही हे स्वच्छ ऐकू येतं. हेन्री मॅन्सिनीनं चालच तिच्या छोट्याशा आवाजात बसेल अशी बांधली, एका सप्तकाच्या जेमतेम पुढे जाते. ते न येणंच त्या गाण्याचा जीव आहे. मग सगळी यादी परत तपासली, कारण ऑस्कर गाणाऱ्याला नसतं, लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्याला असतं, आणि मी निम्म्या वेळा आवाजांनाच मार्क देत होतो. तीन दिवस वाया.

आता दोन, म्हणजे तो अन्याय. १९३७. 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी', जॉर्ज गर्शविनची चाल, भाऊ आयराचे शब्द. 'शॅल वी डान्स' मे महिन्यात आला, जुलैमध्ये जॉर्ज मेंदूच्या ट्यूमरनं गेला, वय ३८. आयुष्यातलं एकमेव ऑस्कर नॉमिनेशन, ते पण गेल्यावर. आणि हरलं कोणाकडून, तर बिंग क्रॉस्बीच्या सिनेमातल्या 'स्वीट लेइलानी'कडून, जे हॅरी ओवेन्सनं तीन वर्षं आधी आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीसाठी लिहिलं होतं! सिनेमाशी संबंध नाही. तो वरचा नियम पाच वर्षं आधी आला असता तर हे गाणं स्पर्धेतच नसतं. लेकीसाठी लिहिलंय म्हणून बापावर रागावता पण येत नाही.

आणि गर्शविनचं गाणं येतं कुठे माहितीये? धुक्यात, फेरीबोटीच्या डेकवर. फ्रेड अस्टेअर जिंजर रॉजर्सला सांगतोय की तुझ्या या या बारीकसारीक सवयी माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. टोपी घालायची तऱ्हा, चहा प्यायची तऱ्हा. तो गातो, ती ऐकते, डोळे भरलेले, आणि गाणं संपतं. नाच नाही! या दोघांच्या सिनेमात गाण्यानंतर नाच येणार हे ठरलेलं, आपण वाट बघतो, पाय हलायला लागतात, आणि ते नाचतच नाहीत.

आणि एकला 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधलं 'ओव्हर द रेनबो'. माहितीये, सगळ्यांच्याच यादीत तेच असतं, माझी इच्छा होती की दुसरं काहीतरी निघावं. पण पहिले दोन सूर म्हणून बघ, खालच्या सा वरून थेट वरचा सा. मुखडा सुरू व्हायच्या आधीच उडी. आणि सिनेमातली पोरगी डॉरथी इंद्रधनुष्याबद्दल गाते तेव्हा पडद्यावर रंगच नाहीयेत, शेत, गवत, यंत्र, कुत्रा, सगळं मातकट, रंग पुढे येणारेत. स्टुडिओवाल्यांनी ते कापलं होतं मधे, सिनेमा लांबतोय म्हणून! नशीब परत घातलं. म्हणजे माझी कसोटी त्यांनी माझ्या कितीतरी आधी खरोखरच लावून बघितली होती.

पण एक आणि दोनमध्ये माझं रोज बदलतं. सकाळी डॉरथी, रात्री फेरीबोट. तू तो डेकवरचा सीन बघ आणि कळव, आणि यादी सुधारून पाठव, या वेळी आठ नाही, पूर्ण दहा.

तुझाच,
वाद घालणारा

ता. क. 'आय ऑफ द टायगर'पुढे तू 'विनर' लिहिलंयस. ते हरलं होतं, 'अप व्हेअर वी बिलाँग'कडून. खोड ते.