माकिनेझ पॅलेस : जुन्या जीएमसीचे (गोवा मेडिकल कॉलेजचे) फोटो-कागद टाकू नका, आम्हाला द्या!

नमस्कार मंडळी, पणजीत मांडवीच्या बाजूला जो माकिनेझ पॅलेस आहे तिथे इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) दिवसांत आपण सगळेच सेल्फी काढतो, पण त्याच आवारात शिकलेली, ड्युटी केलेली, नाहीतर पेशंटसोबत बाकड्यावर रात्र काढलेली माणसं आपल्याच घरात आहेत आणि त्यांच्याकडचं काहीच कोणी गोळा केलेलं नाही, म्हणून हे आवाहन.

१७०२ मध्ये दोन सरदार भावांनी बांधलेला हा बरोक काळातला वाडा. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली आणि वाडा तिच्याकडे गेला, तीच शाळा गोवा मुक्तीनंतर मेडिकल कॉलेज झाली. पुढे कॉलेज, हॉस्पिटल सगळं पणजीजवळच्या बांबोळीला हललं (आता तर कोणाला नुसतं "बांबोळीला नेलं" म्हटलं तरी पोटात गोळा येतो) आणि २००४ पासून इथे इफ्फी. सरदारांची नावं पुस्तकात आहेत, इफ्फीचे फोटो तर मोजता येणार नाहीत इतके, पण मधली दीडशे वर्षं ज्यांच्या जिवावर ती जागा चालली त्या नर्स, कंपाउंडर, वॉर्डबॉय यांचं काय?

आमच्याच एका सभासदाच्या मावशीचा नर्सिंग बॅचचा फोटो पत्र्याच्या ट्रंकेत सापडला, मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं, पण अर्धी बुरशीने खाल्लेली. अजून एक पावसाळा गेला असता तर तोही गेलाच होता.

तर बॅचचे फोटो, बिल्ले, पोर्तुगीजमधली सर्टिफिकेटं, पगाराच्या स्लिपा, काहीही चालेल. फोटो काचेला चिकटला असेल तर प्लीज ओढून काढू नका, फ्रेमसकट आणा. तुमच्यासमोरच स्कॅन करून लगेच परत देऊ, आम्ही काही ठेवून घेत नाही. केसपेपर असेल तर पेशंटचं नाव झाकूनच पुढे वापरू. ज्यांच्याकडे कागद नाहीत पण आठवणी आहेत त्यांनी नुसता मेसेज करा, आम्ही घरी येऊन रेकॉर्ड करतो, कोकणीत बोला नाहीतर मराठीत.

पैशांचं म्हणाल तर स्कॅनर, हार्ड डिस्क आणि अ‍ॅसिड-फ्री पाकिटं एवढाच खर्च आहे, जमेल तेवढं द्या, पावती मिळेल. कोणाचा जुना स्कॅनर पडून असेल तर पैशांपेक्षा तोच बरा. आणि पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येणारं कोणी ज्येष्ठ ओळखीत असेल तर आधी त्यांना गाठून द्या, आमचं घोडं तिथेच अडलंय.